भट्टी क्रमांक सात

आधी तीन नंबर बंद केली, मग अकरा,
मग चार, पाच, नऊ एकाच आठवड्यात.
सात शेवटाला ठेवली.
कागदावरचं कारण : बर्नर नवे आहेत.
खरं कारण ऑर्टविनला विचारा. तो सांगणार नाही.

फ्रँकफुर्टहून एक बाई आली होती,
कॅन्टीनच्या भिंतीवर तिने आलेख पाडला.
देशाची रसायनं : निळी रेघ.
गॅसचा भाव : लाल.
दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या,
अबोला धरलेल्या जावा जिन्यात भेटाव्यात तशा.
"पुढचा अंदाज," ती म्हणाली, "संमिश्र."
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
संमिश्र म्हणजे किती अंश सेल्सिअस?
कोणी हसलं नाही. सूप मसुराचं होतं, निवलेलं.

माझे वडील कार्बाइडच्या भट्टीवर होते.
तेव्हा देश वेगळा होता,
म्हणजे जमीन हीच, झेंडा वेगळा.
आई दोरीवर चादर पांढरी घालायची, करडी काढायची.
झाल नदीवर फेस इतका
की बदकं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची.
मग भिंत पडली, कारखाने पडले, फेस वाहून गेला,
वडिलांची नोकरी त्याच पाण्यातून गेली.
नदीत आता मासे आहेत. मी खाल्लेत.
या दोन गोष्टी एका तोंडाने कशा सांगायच्या
ते मला साठीला आले तरी जमलेलं नाही.

बंद करताना मशाल सगळ्यात मोठी होते.
बाहेरच्यांना हे पटत नाही.
नळ्यांतलं उरलंसुरलं वर न्यायचं, जाळायचं;
त्या रात्री पार गावाच्या चर्चपर्यंत आभाळ नारिंगी,
आणि त्शीशेबाईंचा फोन :
झोपायच्या खोलीत उजेड येतोय.
दोन रात्री कळ काढा, मी म्हटलं.
"एवढं पेटलंय म्हणजे धंदा बरा चाललाय ना?"
मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मॅटिस एकोणीसचा. उमेदवारीचं शेवटचं वर्ष.
रात्री अडीचला विचारतो,
आपण बनवायचो ते आता कोण बनवणार?
कुणीतरी बनवेल, बाळा. बनवणं थांबत नाही.
तुझ्या दातांच्या ब्रशचा दांडा, हे हेल्मेट,
तुझ्या आजीच्या सलाइनची नळी,
सगळं बोटीतून येईल, दोन सेंट स्वस्त,
आणि काजळी दुसऱ्या कुणाच्या चादरीवर बसेल.
त्याने अँटवर्पला अर्ज केलाय.
तिथेही एक क्रॅकर विकायला काढलाय,
हे त्याला माहीत आहे.
मला माहीत आहे, हे मात्र त्याला ठाऊक नाही.

सातची उतरण पहाटे सुरू झाली.
आठशे चाळीस. सातशे दहा. पाचशे.
बावीस वर्षं तापून नळ्या लांबलेल्या असतात,
हातभर नाही, बोटभर नक्की.
गार होताना आखडतात,
पण मूळच्या मापाला परत येत नाहीत.
आवाज होतो, जुन्या खाटेवर
कुणी जड माणसाने कूस बदलावी तसा.
ऑर्टविन पडद्यांकडे पाठ करून
सफरचंद सोलत होता. साल तुटू दिली नाही.

मग नायट्रोजन भरला.
काही पेटू नये, गंजू नये म्हणून,
सहसा कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला वायू.
किती दिवस ठेवायचा? मॅटिसने विचारलं.
सूचनापत्रात तो रकाना कोरा आहे.

सहाला मी वहीत लिहिलं :
दाब शून्य पूर्णांक तीन बार. वारा पश्चिमेचा. गळती नाही.
शेरा या रकान्यात, हाताच्या सवयीने, "विशेष काही नाही."
मग ते खोडलं.
मग दिव्याखाली वही तिरकी धरून पाहिली,
खोडलेलं वाचता येतंय का.
येत होतं.